शेपूट सांगा

अमोलिक बाईंची आणि माझी ओळख एका थालीपिठामुळे झाली. थालीपीठ गेलं, ओळख राहिली.

मी तेव्हा बदली होऊन नुकतीच दिल्लीत आले होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान अजून खोक्यांतच होतं. तवा सापडला, भाजणीचा डबा सापडला, म्हणून एक थालीपीठ लावलं आणि ताटली घेऊन गच्चीवर गेले. ऑक्टोबरातलं कोवळं ऊन होतं. पहिला घास मोडणार, एवढ्यात डोक्यावरून काहीतरी सपकन गेलं. ताटली हातात तशीच, थालीपीठ गायब! मी जी किंचाळले, "गरुड! अहो, गरुडाने नेलं!"

पलीकडच्या दोरीवर चादर वाळत घालणाऱ्या एक बाई चादरीच्या आडूनच म्हणाल्या, "गरुड कशावरून?"

परक्या गावात, परक्या गच्चीवर एकदम मराठी! मला रडूच यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "अहो, केवढा मोठा होता."

"मोठा सोडा. शेपूट कशी होती?"

"अहो, माझं थालीपीठ गेलं हो!"

"थालीपीठ तर गेलंच. ते काही परत येत नाही. शेपूट सांगा."

चादर बाजूला झाली. उंच, काटकुळ्या, कपाळ मोकळं, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात चक्क दुर्बीण. कपडे वाळत घालायला आलेली बाई गळ्यात दुर्बीण घालून येते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी मला वर बघायला लावलं. चोर आमच्याच डोक्यावर घिरट्या घालत, पायातलं थालीपीठ उडता उडता खात होता. "आता बघा. शेपटीला मधे खाच आहे की नाही?" होती. दोन टोकं आणि मधे खाच. "खाच असली की घार. दिल्लीचं आकाश घारींचंच आहे. इथे गच्चीवर उघडं काही खायचं नाही," असं म्हणून त्या खाली गेल्या आणि दहा मिनिटांत दोन थालीपिठं घेऊन आल्या. सोबत नगरची शेंगदाण्याची चटणी. त्यांचं माहेर नगरचं, सासरही नगरचंच.

मार्था शांतवन अमोलिक. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होत्या. ऑफिसात त्यांच्या हाताखालच्या लोकांना त्यांचा धाक होता. नोटमध्ये कोणी 'असे दिसून येते की' असं लिहून पाठवलं की फाईल परत. "कोणाला दिसलं? कधी दिसलं? काय दिसलं? तेवढंच लिहा." आकाशालाही त्यांनी हाच कायदा लावला होता.

दरवर्षी दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एका शनिवारी त्या दिल्लीतल्या मराठी मंडळींना गरुड बघायला नेत. शनिवार अशासाठी की सरकारी लोकांना सुट्टी आणि रविवार बाईंच्या चर्चचा. थंडीच्या आधी उत्तरेकडचे गरुड, भोवत्ये, ससाणे असे शिकारी पक्षी हिमालय ओलांडून खाली उतरतात, त्यातले काही दिल्लीवरून जातात. जागाही ठरलेली. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या जंगलाच्या टेकडीवर, झाडीतून वर गेलं की एक उघडा कातळ आहे, तिथून आभाळ मोकळं दिसतं. "हे हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेले, म्हणजे आपलेच. आपल्याच माणसाच्या आवारात चाललोय, संकोच करू नका," हे वाक्य त्या दरवर्षी चढ लागला की म्हणत आणि दरवर्षी कोणीतरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसे.

पक्षी बघायला जायचं म्हणजे पहाटे उठायचं, ही आमची समजूत त्यांनी पहिल्याच वर्षी मोडली. गरुडांना पंख मारत बसायचा कंटाळा. जमीन तापली, गरम हवा वर चढायला लागली की ते तिच्यावर बसून आयते वर जातात. त्यामुळे सहल निघायची चांगली नाश्ता-बिश्ता करून, उन्हं वर आल्यावर. आमच्या मराठी मंडळात बाईंची सहल लोकप्रिय असण्याचं अर्धं कारण हेच होतं. उरलेलं अर्धं कारण थालीपिठांची टोपली. मुनिरक्यात खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली तर उघड म्हणायची, "बाई, गरुड दिसो ना दिसो, आम्ही येणार."

कातळावर पोचलो की मोठी सतरंजी पसरायची आणि सगळ्यांनी उताणं पडायचं. मान दुखत नाही आणि मुख्य म्हणजे माणूस गप्प बसतो, असं बाईंचं म्हणणं. मग नियम. नियम एकच, पण त्यावर अपील नाही. नवशिक्याने पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही. काय दिसतं ते सांगायचं. पंख कसे धरलेत, टोकाला बोटं फाकल्यासारखी पिसं आहेत का, शेपूट कशी. सगळं सांगून झालं की नाव बाई घेणार.

एकदा एक मोठे साहेब सहकुटुंब आले होते. हातात नवा फोन. फोन आभाळाकडे धरायचा आणि त्यात उमटेल ते नाव मोठ्याने जाहीर करायचं, असं त्यांचं चाललं होतं. थोडा वेळ बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, नाव जरा खिशात ठेवा. आडवे व्हा." साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बायकोने आधीच जागा करून दिली होती. साहेब आडवे झाले. "आता सांगा." साहेब बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "काळा ठिपका आहे. बाकी काही कळत नाही." "वा! हे खरं बोललात," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशीचं पहिलं थालीपीठ साहेबांना मिळालं.

या सगळ्यात बाईंचे यजमान, आमचे काका, कुठे होते? काका टोपलीपाशी होते. रिजवर माकडं मोप, आणि दिल्लीची माकडं म्हणजे काय विचारता! दरवर्षी काका सतरंजीच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसत. पाठ आमच्याकडे, तोंड झाडीकडे, मांडीवर काठी, पायांमध्ये टोपली. घरात शुद्ध मराठी, माकडांशी मात्र हिंदी. "चल बे, निकल! शरम नहीं आती?" आम्ही म्हणायचो, "काका, एकदा तरी वर बघा की." ते म्हणत, "वर बघायला तुम्ही एवढे जण आहात. खाली कोण बघणार?"

शांतवनकाका पोस्टातून रिटायर झालेले. माणूस सरळ, पण जिभेला लगाम म्हणून नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात एका पदाधिकाऱ्यांच्या पत्नीने नाट्यगीत म्हटलं आणि स्टेजवरून उतरून कौतुकाने विचारलं, "काका, कसं झालं?" काका म्हणाले, "संपलं ते बरं झालं." पुढच्या वर्षी कमिटीच्या यादीत काकांचं नाव नव्हतं. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा दुसऱ्या घासाला म्हणाले, "आमटी चांगली आहे, फक्त मीठ घालायचं विसरलात." बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "मेलं, या माणसाला एक गोड शब्द बोलता येईल तर शपथ!" काका म्हणत, "मग मीठ न घालता खा." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांची खणाखणी चालूच असे, आणि एक जण घरात नसला की दुसऱ्याला करमत नसे.

बाई रिटायर झाल्या, क्वार्टर सोडून गाझियाबादकडे फ्लॅटवर राहायला गेल्या. सहल चालूच राहिली. मग एका वर्षी कातळावर त्या फारसं काही बोलल्या नाहीत. "यंदा धूर फार आहे," म्हणाल्या. दिल्लीत दिवाळीच्या तोंडावर धूर असतोच, आम्हाला पटलं. पुढच्या वर्षीही धूर फार होता. मला मात्र आभाळ बऱ्यापैकी निळं दिसत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. दार उघडून त्या माझ्या खांद्याकडे बघत म्हणाल्या, "कोण? बोला." मी म्हटलं, "बाई, मी नीलिमा." "अगं, मग बोल ना, नुसती उभी काय?" आत आलो, चहा झाला. मग त्यांनी ऑफिसातली नोट वाचून दाखवावी तसं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. बरा होणारा नाही. कडेकडेचं दिसत राहील. "आत्ता तुझा चेहरा सोडून बाकी सगळी तू दिसतेस. साडी नवीन आहे ना? मात्र डॉक्टरने एक युक्ती शिकवलीय. जे बघायचंय त्याच्याकडे बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं, म्हणजे ते कडेने येतं." त्यांनी माझ्याऐवजी फ्रिजकडे पाहिलं. "हां. आता नाक दिसलं तुझं."

मी हसले. मग हसू आवरलं आणि डोळे भरून आले. काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ती रडतेय." "माहितीये," बाई म्हणाल्या. "चहा घे अजून."

निघताना त्यांनी दारात मला थांबवलं. म्हणाल्या, "यंदा सहल करणार. मला स्वतःला एक गरुड ओळखता आला तर पुढच्या वर्षीही करीन. नाही आला तर बंद. न बघता नाव घेणाऱ्या कितीतरी जणांना मी गप्प बसवलंय, नीलिमा. आता मीच तसं करायचं का? आणि हे कोणाला सांगू नकोस."

मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, मंडळात गोष्टी न सांगताच पसरतात. सहलीच्या आदल्या दिवशी मंडळाचे चिटणीस पाटणकर यांनी बाईंना वगळून एक ग्रुप काढला आणि त्यावर लिहिलं, 'बाई ज्याला गरुड म्हणतील तो गरुड. कोणीही फाटे फोडू नयेत.' खाली हात जोडलेले आणि अंगठे, रांगच रांग. सगळ्यांचा बाईंवर जीव होता. बाईंची सहल बंद होणं कोणालाच नको होतं. ग्रुपवर काका नव्हते, कारण काकांकडे साधा फोन.

त्या शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. धुराचं कारण चालणार नव्हतं. बाईंनी 'आपलेच हिंदूराव' म्हटलं, आम्ही हसलो, जरा जास्तच हसलो. सतरंजी पसरली. बाई मधोमध उताण्या झाल्या. दुर्बीण गळ्यात होती, पण त्यांनी ती उचलली नाही. डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे करून त्या कडेने आभाळ चाचपत होत्या. घारी फिरत होत्या. वेळ जाता जाईना.

आणि एकदम बाई उठून बसल्या. बोट वर. "तो बघा! मोठा, गडद, संथ चाललाय. गरुड!"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. बऱ्यापैकी खाली, अगदी स्पष्ट, शेपटीची खाच मिरवत एक घार चालली होती.

"हो बाई, गरुड!" पाटणकर म्हणाले. "बिल्कुल गरुड!" दुसरं कोणी. मुनिरक्याच्या एका मुलाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! मला वाटलं, झालं ते छान झालं. कोणाचं काय बिघडलं?

पण बाई त्या बाईच. जरा दम घेऊन म्हणाल्या, "नाव मी घेतलं. आता वर्णन सांगा. पाटणकर, शेपूट?"

पाटणकर म्हणाले, "शेपूट... भव्य आहे, बाई."

"भव्य म्हणजे काय? गोल की सरळ?"

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. खोटं नाव घेणं सोपं होतं, खोटी शेपूट सांगायला कोणाची जीभ रेटेना. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

तेवढ्यात पाठीमागून, स्टुलावरून, आवाज आला. "खाच आहे. घार आहे ती, मार्था."

"अहो काका!" पाटणकर जवळजवळ ओरडलेच. मला तर काकांच्या हातातली काठी घेऊन त्यांनाच हाणावी असं वाटलं. गोड नाही तर नाही, निदान आज तरी गप्प बसायचं होतं ना या माणसाने!

बाई म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर टोपलीकडे बघत असता."

"इतकी वर्षं स्वयंपाकघरात खाच, अंथरुणावर खाच, चर्चच्या वाटेवर खाच. मला दुसरं काही येत नाही, पण खाच येते."

"आणि हे सगळे का हो म्हणाले?"

"तुझं मन राखायला."

बाईंनी मान हलवली. दुर्बीण गळ्यातून काढली, तिचा पट्टा नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. "ठीक आहे. संपलं. टोपली उघडा, खाऊन घ्या." कोणावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थालीपिठं वाटली गेली. पाटणकरांचे डोळे पाणावले होते. काकांच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. ते एकटेच स्टुलावर बसले होते.

खाणं चाललं असताना काकांनीच तोंड उघडलं. आवाज नेहमीसारखाच, कुरकुरल्यासारखा. "मार्था, ही बिनखाचेची कोण?"

बाई सवयीने म्हणाल्या, "नाव विचारू नका. काय दिसतं ते सांगा."

काका स्टुलावरून उठले. पाठ झाडीकडे, तोंड वर. इतक्या वर्षांत मी त्यांना आभाळाकडे बघताना प्रथमच पाहिलं. "वर आहे, पुष्कळ वर. पंख फळीसारखे सरळ. हलवत नाही. टोकाला बोटं फाकलीयेत."

"शेपूट?"

"आखूड. गोल."

"रंग?"

"मातकट. आणि पंखाखाली पांढरा पट्टा आहे."

"नीट सांगा. पट्टा कसा? आडवा की लांबीने?"

"लांबीने गं. अंगापासून पंखाच्या टोकाकडे गेलाय, रेघ मारल्यासारखा. दोन्ही पंखांना."

"शेपटीच्या कडेला?"

"थांब, वळू दे त्याला." आम्ही सगळे थांबलो. "पांढरी. शेपटीची कड पांढरी आहे."

बाई उभ्या राहिल्या. आवाज बदलला होता. "स्टेप गरुड आहे. आणि यंदाचं पिल्लू! मोठ्यांना तो पट्टा नसतो. अहो, आयुष्यात पहिल्यांदा आलंय ते इकडे. बघा रे सगळे, बघा!"

आम्ही बघितलं. पट्टा होता. शेपटीची कड पांढरी होती. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणाच्या लक्षातच आलं नाही. "अजून आहे का?" बाई विचारत होत्या. "आहे. दक्षिणेला सरकतंय. पंख अजून हलवलेले नाहीत पठ्ठ्याने." "कशाला हलवेल? ऊन आहे ना." दोघं असं बोलत होती की जणू बाकीचे आम्ही तिथे नव्हतोच.

इतक्यात मागे खडखडाट झाला. काकांनी जागा सोडली होती ना! टोपली आडवी पडली होती आणि उरलेली थालीपिठं घेऊन माकडं झाडावर पोचली होती. काका काठी उगारून धावले, "अबे, रख नीचे!" बाई खो खो हसत म्हणाल्या, "जाऊ द्या हो. माझं थालीपीठ गेलं म्हणून रडायची आपल्यात पद्धत आहे, नीलिमाला विचारा."

उतरताना त्यांनी पाटणकरांचा हात धरला होता. पायरी येईल तिथे ते सांगत होते. खाली पोचल्यावर बाई म्हणाल्या, "पाटणकर, पुढच्या वर्षी दसऱ्यानंतरचा शनिवार मोकळा ठेवा. आणि तो ग्रुप बंद करा." कुठून कळलं होतं देव जाणे. पाटणकरांनी तिथेच फोन काढला.

पुढच्या दोन सहली तशाच झाल्या. सतरंजीवर मधोमध बाई, शेजारी काका उताणे, टोपलीवर पाळीपाळीने मुनिरक्याची मुलं. काका वर्णन सांगत, बाई उलटतपासणी घेत आणि मग नाव. काका चुकले की भांडण. एकदा भोवत्याच्या पाठीवरून इतकं भांडले, इतकं भांडले की तो बिचारा दिसेनासा झाला तरी चालूच.

मग नगरहून लेकीने धोशा लावला आणि दोघं कायमची जायला निघाली. मी निजामुद्दीनला पोचवायला गेले. सामान लावलं, पाण्याची बाटली दिली, वरचेवर फोन करा वगैरे बोलून झालं. स्टेशनच्या छपरावर घारी बसल्या होत्या. गाडी हलायच्या आधी मी खिडकीपाशी उभी राहिले. एसी डब्याची काच बंद, पण डब्याचं दार उघडं होतं, म्हणून बाई उठून दारात आल्या, मागे काका. मी नुसती उभी.

बाई माझ्या पलीकडे, प्लॅटफॉर्मवरच्या चहाच्या स्टॉलकडे एकटक बघत होत्या. गाडी हलली तरी त्यांनी स्टॉलवरची नजर काढली नाही.

"काय दिसतं हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"नाक लाल," काका म्हणाले. "ओढणी तोंडाला. हात वर केलाय, पण हलवायचा विसरलीय."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मलाही तसंच दिसतंय."